चाफा हवाय? आधी कुठला ते ठरवा

नर्सरीत जाऊन नुसतं 'चाफा द्या' म्हणालात, तर हाती जे रोप येईल त्याचा दोष नर्सरीवाल्याला देऊ नका. सोनचाफा हा मॅग्नोलिया. देवळाबाहेर दिसतो तो पांढरा देवचाफा म्हणजे प्लुमेरिया, मूळचा अमेरिकेतला आणि कुळाने कण्हेरीचा भाऊबंद. हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, तर भुईचाफा हळदीच्या.

फूल नसेल तर पान मोडून बघा. दुधासारखा चीक आला की देवचाफा. (तो हात डोळ्यांना लावू नका.) हिवाळ्यात त्याची पानं झडतात आणि लोक बिचाऱ्याला मेलेला समजून उपटतात! हिरव्या चाफ्याला आकड्यासारखे वाकडे देठ असतात, त्यांच्या आधाराने तो चढतो. त्याला छोट्या कुंडीत कोंडू नका. भुईचाफ्याचं फूल उन्हाळ्यात पानांच्या आधी थेट मातीतून वर येतं, म्हणून पानं वाळली तरी कंद तसेच राहू द्या. सोनचाफा घ्यायचा तर कलमच घ्या. बियांपासूनचं झाड फुलायला काही वर्षं लावतं.

जाई-जुईचं त्यामानाने सोपं. जाईच्या एका पानात बऱ्याच पर्णिका, कळीला बाहेरून गुलाबी झाक. जुईचं फूल बारीक.

रानफुलाचं नाव विचारताना मात्र पान, देठ, जागा आणि महिना सांगा. नुसत्या पाकळ्यांच्या क्लोजअपवरून मी तरी नाव सांगत नाही.