परसबागेत भाजी धुण्यासाठी बाहेर सोय कशी करावी?

मुळा, पालक, माठ यांची माती स्वयंपाकघरात येऊ नये म्हणून भाजी बाहेरच धुण्याची सोय कशी करावी, असा आपला प्रश्न आहे. जागा ठरवताना नळ कुठे आहे यापेक्षा सांडपाणी कुठे जाईल याचा विचार आधी करावा, कारण नळी लांबवता येते, परंतु पाणी चढावर नेता येत नाही. कोकणात मोरीचे पाणी केळी आणि अळूकडे सोडण्याची पद्धत आहे. माझ्या मते आजही तीच सर्वांत सोयीची आहे, मात्र त्या पाण्यात साबण जाऊ देऊ नये आणि डास होऊ नयेत म्हणून ते कुठेही साचू देऊ नये.

उभ्याने काम करता यावे म्हणून सुमारे ८५ सेंटिमीटर उंचीवर कडप्पा बसवून त्याला मीटरमागे २ सेंटिमीटर उतार द्यावा. पहिल्या घमेल्यात माती सुटू द्यावी व तळाचा गाळ पुन्हा वाफ्यात टाकावा. कच्ची खायची भाजी शेवटी पिण्यायोग्य पाण्यानेच धुवावी; विहिरीचे पाणी तपासलेले नसल्यास ते फक्त माती काढण्यापुरतेच वापरावे.