चर्चची भिंत तडकली, मग मंडळी टिकेल हे वचन खरं कसं?

तुमचा प्रश्न असा: गावातली मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय, आठ-दहा घरांवर आली, भिंतीला भेग पडली, मग येशूचं वचन खोटं ठरलं का?

भेगेचं आधी सांगतो. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर देऊळ असो की चर्च, भिंत तडकणारच. आमच्याकडची दरवर्षी वैशाखात सिमेंटने बुजवतो, पोळ्यापर्यंत पुन्हा दिसते!

आता वचन. मत्तय १६:१८ मध्ये येशू म्हणतो की या खडकावर मी माझी मंडळी रचीन, अधोलोकाच्या दारांचं तिच्यापुढे काही चालणार नाही. 'मी' आणि 'माझी' हे दोन शब्द बघा. ती आपण बांधलेली नाही. खडक म्हणजे कोण यावर जुना वाद आहे. कॅथलिक येशूचा शिष्य पेत्र यालाच खडक मानतात, बरेच प्रॉटेस्टंट 'तू ख्रिस्त आहेस' या त्याच्या कबुलीला. प्रेषित पौल मात्र १ करिंथ ३:११ मध्ये पाया ख्रिस्तच म्हणतो, मला तेच पटतं.

पण हे वचन एकूण मंडळीला आहे, एकेका गावच्या इमारतीला नाही. प्रकटीकरण २:५ मध्ये इफिस (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन शहर) इथल्या मंडळीला पश्चात्ताप केला नाही तर समई काढून घेईन असा सरळ इशारा आहे; तिथे समई म्हणजे ती मंडळीच. आज तिथे अवशेषच बघायला मिळतात. तरी मंडळी संपली नाही, तुमच्या आठ घरांपर्यंत आलीच ना?

भिंतीसाठी मात्र मिस्त्री बोलवा.