वाचकांचे प्रश्न : मचाण, वारा आणि बाण सुटल्यानंतरचा अर्धा तास

प्रश्न : अमेरिकेतल्या एका सार्वजनिक राखीव क्षेत्रात हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी सोडत काढून धनुष्यबाणाची शिकार होते. आम्ही सहा जण आहोत. एकच अर्ज करावा की वेगवेगळे?

उत्तर : गटाचा अर्ज ही सोडतीतली एकच चिठ्ठी. निघाली तर सगळे आत, नाही तर सगळे घरी. शेवटी दोन-तीनच जागा उरलेल्या असताना सहा जणांची चिठ्ठी आली, तर बऱ्याच ठिकाणी ती बाजूला पडते. म्हणून तिघा-तिघांचे दोन अर्ज बरे पडतात. फक्त दोन्ही गटांना वेगळ्या तारखा मिळाल्या तर चालेल का, ते आधीच ठरवा. अर्जापूर्वी सहाही जणांचे परवाने आणि शिकारी-प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं तपासा. काही राज्यांत धनुष्यासाठी वेगळा अभ्यासक्रम लागतो. नियमपत्रकात 'आधी मादी, मग नर' अशी अट असली तर कुरकुर करू नका. कळप वाढतो तो माद्यांमुळे, आणि शिकार ठेवलेलीच असते ती वाढ रोखायला.

प्रश्न : सहा मचाणं कशी वाटून घ्यावीत?

उत्तर : आधी वाऱ्याचा विचार, मग जागेचा. प्रत्येक मचाणापासून वाऱ्याच्या दिशेने माणसाचा वास पंख्यासारखा पसरत जातो. नकाशावर ते सहा पंखे पेन्सिलीने काढा. एकाचा पंखा दुसऱ्याच्या समोरच्या वाटेवर पडत असेल, तर त्या दुसऱ्याची सकाळ फुकट गेली म्हणून समजा. डोंगराळ भागात ऊन चढलं की हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी खाली उतरते. त्यामुळे सकाळचं मचाण संध्याकाळी चालेलच असं नाही. सगळ्यात लांबच्या मचाणावरचा माणूस सर्वांत आधी निघतो, आणि ठरलेल्या वेळेआधी कोणी खाली उतरत नाही.

मचाणावरून पडण्याचे बरेच अपघात चढता-उतरताना आणि फळीवर पाय टाकताना होतात. बसलेला माणूस त्या मानाने सुरक्षित असतो. म्हणून पूर्ण अंगाचा हार्नेस (पडताना पकडून ठेवणारा पट्ट्यांचा साज) जमिनीवरच चढवा आणि झाडाच्या वरपासून बुंध्यापर्यंत सोडलेल्या सुरक्षा-दोराला प्रुसिक गाठीने अडकवा. ही गाठ हाताने ढकलली की सरकते, भार आला की दोराला घट्ट आवळते. गाठ सतत डोक्याच्या वर राहिली पाहिजे. धनुष्य हातात घेऊन चढू नका, वर पोचल्यावर दोरीने ओढून घ्या. बाण भात्यात, पाती झाकलेली.

प्रश्न : सरावात माझे बाण ३५ यार्डांवर मुठीएवढ्या जागेत बसतात. तरी जाणकार २० यार्डांपलीकडे सोडू नको म्हणतात. का?

उत्तर : सरावाचं लक्ष्य हलत नाही, हरीण हलतं. सेकंदाला २७० फूट जाणाऱ्या बाणाला ३५ यार्ड कापायला जवळपास ०.३९ सेकंद लागतात. दोरीचा आवाज ०.१ सेकंदाच्या आतच पोचलेला असतो. उरलेल्या पाव सेकंदाहून अधिक वेळात हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडतं, अंग खाली जातं आणि फुफ्फुसावर धरलेला बाण पाठीत बसतो किंवा वरून जातो. २० यार्डांवर ही फट सुमारे ०.१७ सेकंदाची. मान वर करून, कान रोखून उभ्या असलेल्या हरणावर २० यार्डांवरूनही बाण सोडू नये.

हरीण आडवं उभं असावं, किंवा थोडं पलीकडे वळलेलं. मचाणावरून बाण तिरपा खाली जातो, म्हणून तो कुठून बाहेर पडेल ते डोळ्यांपुढे आणून नेम धरा. वाकायचं ते कमरेतून. नुसता हात खाली केला तर नेम बिघडतो.

आणखी एक. सरावाच्या गोल टोकांवर नेम लावून थेट शिकारीला जाऊ नका. शिकारीच्या बाणाचं स्थिर पात्याचं टोक पुढे छोट्या पंखांसारखं काम करतं. धनुष्य नीट लावलेलं नसेल तर ते बाणाला भलतीकडे नेतं. शिकारीच्याच पात्यांनी नेम पक्का करा, मग ती पाती बदलून नवी धारदार लावा.

प्रश्न : बाण लागला, हरीण पळालं. गटातले सगळे लगेच माग काढायला धावतात. हे योग्य आहे का?

उत्तर : अजिबात नाही. हातातली शिकार जाते ती इथेच. मचाणावरच बसा, हरीण शेवटचं कुठल्या झाडाजवळ दिसलं ते लक्षात ठेवा, घड्याळ बघा. अर्ध्या तासाने उतरून आधी बाण शोधा. बाणाच्या शेपटाकडच्या पिसांवर गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त असेल तर फुफ्फुस. माग काढायला हरकत नाही. गडद, काळपट लाल रक्त यकृताचं. चार तास थांबा. हिरवट चिकटा आणि पोटातल्या चाऱ्याचा आंबूस वास आला तर बाण आतड्यात आहे. आल्या वाटेने चुपचाप मागे फिरा, आठ ते बारा तासांनी या. असं हरीण कुणी मागे लागलं नाही तर बरेचदा जवळच्या झाडीत बसतं आणि तिथेच मरतं. उठवलं तर लांब जातं, आणि पोटाच्या जखमेतून रक्त फारसं पडत नसल्याने मागही राहत नाही. उकाड्यात मांस खराब होण्याची धास्ती रास्त आहे, पण उठवलेलं हरीण बहुधा सापडतच नाही.

मागावर तिघं पुरेत. एक रक्ताच्या शेवटच्या थेंबाशी उभा राहतो, दोघं पुढचा थेंब शोधतात. चालायचं ते मागाच्या कडेने, मागावरून नव्हे. दर काही पावलांवर फांदीला कागदाची पट्टी बांधा. मागे वळून पाहिलं की पळण्याची दिशा रेषेसारखी दिसते. माग क्षेत्राच्या हद्दीबाहेर गेला तर तिथेच थांबा, आयोजक अधिकाऱ्यांना कळवा.

प्रश्न : मांसाबाबत काय सांभाळावं?

उत्तर : हरीण हलवण्याआधी टॅग, म्हणजे परवान्यासोबत मिळालेली शिकारीच्या नोंदीची चिठ्ठी, भरा. मग लगेच पोट साफ करा. मूत्राशय आणि आतडं फुटू देऊ नका. मांस ४ अंश सेल्सिअसच्या खाली लवकरात लवकर न्या. हरणांच्या क्षयी प्रिऑन-रोगाचा (बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा, मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग; इंग्रजीत सीडब्ल्यूडी) प्रादुर्भाव असलेल्या भागात डोक्याकडच्या लसीकाग्रंथींची तपासणी करून घ्या आणि निकाल येईपर्यंत प्रत्येक हरणाचं मांस वेगळं, नाव लिहून ठेवा. गटात सगळं एकत्र कालवलं आणि एका हरणात रोग निघाला, तर सगळंच टाकावं लागतं, कारण शिजवल्याने प्रिऑन नष्ट होत नाहीत. मेंदू आणि पाठीचा कणा कापू नका; मांस हाडावरून सोडवून घ्या.