लोकांना अवघडल्यासारखं न होऊ देता निरीक्षणातून अंदाज बांधायचा सराव कसा करावा?

मी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर करतो. दोन-तीन सेकंद बघायचं, नजर परत पाण्याकडे, मग मनातल्या मनात तर्क. एकदा एका काकांच्या बोटांवर पांढरी पूड दिसली. खडू, म्हणजे मास्तर, असं मी ठरवूनच टाकलं. तेवढ्यात शेजारचे त्यांना म्हणाले, "आज क्वीन तुम्ही घालवलीत." कॅरमची पावडर! तेव्हापासून एका खुणेला निदान तीन कारणं शोधतो.

शेरलॉक होम्स ज्यांच्यावरून सुचला ते एडिनबरोचे सर्जन जोसेफ बेल. त्यांचा रुग्ण समोरच असे, अंदाज चुकला तर तिथेच कळे. आपल्याला ती सोय नाही, म्हणून आधी घरच्यांवर आणि मित्रांवर सराव करा, त्यांना सांगून.

फोटो काढू नका, लोकलमध्ये दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावू नका. जात आणि आजार ओळखायच्या भानगडीत पडूच नका, तिथे बहुधा आपलाच पूर्वग्रह बोलतो. मागे तर कुणाच्याच जायचं नाही. बाईची इच्छा नाही हे स्पष्ट असताना पुरुषाने तिचा पाठलाग करून वारंवार संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. नजरानजर झाली आणि समोरचा अवघडला, तर सरळ उठून चहा प्यायला जा.