गाडीचं विचारा: इंडिकेटर द्यायला गेलं की वायपर चालू होतो

प्रश्न: दादा, बारा वर्षं मारुती चालवली, आता जर्मन कंपनीची गाडी घेतलीय. तीन हात नाक्यावर वळताना रोज तेच, इंडिकेटर द्यायला जाते आणि कोरड्या काचेवर वायपर किर्र किर्र करत फिरतो. हे लोक इंडिकेटर डावीकडे का देतात?
(एक वाचक, कासारवडवली, ठाणे)

उत्तर: ताई, तुमचं काही चुकत नाहीये, बारा वर्षांची सवय आहे ती, उजवा हात आपोआपच जाणार. जर्मनीत स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणजे गिअर उजव्या हातात आणि डावा हात मोकळा, म्हणून इंडिकेटर डावीकडे. जपानमध्ये आपल्यासारखंच, स्टिअरिंग उजवीकडे आणि गिअर डाव्या हातात, म्हणून इंडिकेटर उजवीकडे, आणि १९८३ मध्ये सुझुकीसोबत मारुती ८०० आली तेव्हा ती सवय आपल्या घराघरात शिरली. ती इतकी पक्की बसली की ह्युंदाई कोरियात इंडिकेटर डावीकडे देते पण इथे उजवीकडे. फोक्सवॅगन, स्कोडा मात्र आपली मूळ जागा सोडत नाहीत, इंग्लंडमध्येही डावीकडेच देतात, स्टिअरिंग उजवीकडे असलं तरी. आपल्याकडे दोन्ही प्रकार बिनदिक्कत पास होतात, त्यामुळे हा प्रश्न कायद्याचा नाही, सवयीचा आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती घरात दोन गाड्या आणि दोन्हींचे दांडे उलटे असतात त्या लोकांची, कारण मागचा रिक्षावाला तुमच्या इंडिकेटरकडे बघून कट मारतो, वायपरकडे बघून नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करूनच रोज दहा मिनिटं डावं-उजवं करत बसा. आणि सिग्नलच्या बरंच आधी इंडिकेटर द्या, म्हणजे चुकलं तरी सुधारायला वेळ मिळतो.

प्रश्न: नवी गाडी ८० च्या पुढे गेली की बीप बीप करते. ॲक्सेसरीवाला म्हणतो बंद करून देतो. करू का?
(एक वाचक, नेरूळ)

उत्तर: अजिबात नको. हा मात्र कायदा आहे. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला ८० च्या वर बीप आणि १२० च्या वर सतत आवाज द्यावाच लागतो, सीटबेल्टची आठवण आणि मागचे पार्किंग सेन्सरही त्याच नियमातले. सकाळी पाम बीच रोड मोकळा मिळाला की काटा कधी ८० वर गेला कळतच नाही, म्हणून तर तो आवाज हवा. बेल्ट न लावता नुसती क्लिप अडकवून आवाज बंद करायची सवय एवढी वाढली होती की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या क्लिप विकणं थांबवायचा आदेश द्यावा लागला. तुमच्याकडे तसली क्लिप असेल तर आजच काढून टाका, आणि ॲक्सेसरीवाल्याला वायरिंगला हात लावू देऊ नका, वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच.