घाटातल्या शर्यतीसाठी १,१८० ग्रॅमची कस्टम कार्बन चाकं घ्यावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन ७२ किलो, सायकल रिम ब्रेकची (ब्रेक चाकाच्या बाहेरच्या कड्याला, म्हणजे रिमला, पकडतो ती), सध्याची चाकं अॅल्युमिनियमची आणि जोडी साधारण १,७५० ग्रॅम. सिंहगड ४५ मिनिटांत चढता. हिवाळ्यात घाट असलेल्या रोड रेसमध्ये उतरायचंय. एका बिल्डरने १,१८० ग्रॅमची कार्बन चाकं बांधून देतो म्हटलंय, किंमत दीड लाखाच्या घरात. घ्यावीत का, आणि वेगात किती फरक पडेल?

मी पुण्यात गेली बारा वर्षं चाकं बांधतो. कस्टम बांधून घ्या, जरूर घ्या, पण १,१८० ग्रॅमची नको. १,४२० च्या आसपासची घ्या. का, ते नीट लिहितो, कारण हा निर्णय पैशापेक्षा तुमच्या हाडांशी जास्त संबंधित आहे.

आधी वेगाचा हिशोब. तुम्ही, सायकल, बाटल्या मिळून ८२ किलो धरू. १,७५० वरून १,१८० वर आलात तर ५७० ग्रॅम वाचले, म्हणजे एकूण वजनाच्या ०.७ टक्के. खड्या चढावर बहुतेक ताकद वजन वर उचलण्यातच जाते, त्यामुळे वेळही जवळपास त्याच प्रमाणात वाचतो. ४५ मिनिटांच्या सिंहगडावर हे झाले १६-१७ सेकंद. माझी १,४२० ची चाकं लावलीत तर ९-१० सेकंद. म्हणजे तुम्हाला ज्या चाकांचा मोह पडलाय ती आणि मी सुचवतोय ती, यांत फरक सात सेकंदांचा. घाटमाथ्यावर सात सेकंद म्हणजे वीस-पंचवीस मीटर होतात, ते मी क्षुल्लक म्हणणार नाही. पण त्या सात सेकंदांसाठी काय काय सोडावं लागतं ते पुढे वाचा.

"फिरणारं वजन दुप्पट मोजतात" हे तुम्ही ऐकलं असेल. वेग वाढवताना ते खरं आहे. रिमवरचा एक ग्रॅम पुढेही जातो आणि गोलही फिरतो, त्यामुळे त्याला दोनदा ऊर्जा द्यावी लागते. एकसारख्या वेगाने चढताना मात्र रिमवरचा ग्रॅम आणि खिशातल्या चिक्कीचा ग्रॅम सारखाच. आणि वेग वाढवतानाचाही आकडा बघा: ३० वरून ४० किमीवर जाताना तुम्हाला आणि सायकलला मिळून सुमारे २,२०० जूल लागतात. ५७० ग्रॅममधले निम्मे रिममधून आणि निम्मे हबमधून (चाकाच्या मधल्या भागातून) कमी केले, तर त्यातले २३ जूल वाचतात. एक टक्का. हलकं चाक हातात आणि पायाखाली फार चपळ वाटतं, आणि शर्यतीत त्या वाटण्यालाही किंमत आहे, हे मी मनापासून मानतो. फक्त ते वाटणं म्हणजे घड्याळ नव्हे.

मग कार्बनचा खरा फायदा कुठे? रिमच्या खोलीत, म्हणजे टायरपासून हबच्या दिशेने ती किती मिलिमीटर आत येते त्यात. चांगली हलकी अॅल्युमिनियम रिम ४३०-४५० ग्रॅमला मिळते, पण ती २४-२५ मिमीच खोल असते. तेवढ्याच वजनात कार्बनची ४५ मिमी खोल रिम होते. सपाटीवर ४० च्या वेगाने जाताना तुमची बहुतेक ताकद हवा खाते, तिथे खोल रिम उपयोगी पडते. घाटात १२ च्या वेगाला तिचा काही उपयोग नाही. तुमच्या शर्यतीत घाट एकच असेल आणि बाकी सगळा हायवे असेल, तर वजनापेक्षा खोली बघा. (मोठ्या शर्यतींचं स्वप्न असेल तर यूसीआयचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा, नियम माहीत असू द्या: २०२६ पासून एकत्र सुटणाऱ्या रोड रेसमध्ये रिम ६५ मिमीपेक्षा खोल चालत नाही. सायकलचं किमान वजन ६.८ किलो हा नियम तर २००० सालापासूनच आहे.)

आता उताराकडे येतो. माझ्या दृष्टीने हाच मुद्दा सगळ्यांत मोठा, कारण तुमची सायकल रिम ब्रेकची आहे.

२०१४ च्या मे महिन्यात मी पाचगणीहून पसरणीच्या घाटाने वाईला उतरत होतो. चाकं नवी कोरी, कार्बनची, अतिशय हलकी, एका विक्रेत्याकडून मागवलेली. पुढे एसटी, मागे ट्रक, ओव्हरटेक करायला जागा नाही. त्यामुळे दहा मिनिटं ब्रेक धरूनच उतरलो. एका वळणावर पुढचा ब्रेक लिव्हर बोटांखाली धडधडायला लागला, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका. जळक्या प्लास्टिकचा वास आला. कठड्याला टेकून थांबलो आणि बघतो तर व्हॉल्व्हच्या जवळ ब्रेक लागतो ती बाजू वीतभर लांबीत फुगलेली, पोळीला फुगा यावा तशी. हात लावला तर चटका बसला. दोन मिनिटांनी उभ्या सायकलवरच ट्यूब फुटली. खाली दरी होती. विक्रेत्याने "ब्रेक चुकीचा वापरला" म्हणून वॉरंटी नाकारली.

झालं काय, तर माझं आणि सायकलचं मिळून ८५ किलोचं ओझं साडेपाचशे मीटर खाली आणायचं म्हणजे सुमारे ४ लाख ६० हजार जूल कुठेतरी जिरवायचे. तेवढ्यात दीड लिटर पाणी उकळतं. भरधाव उतरलात तर त्यातला मोठा वाटा हवा घेते. हळू उतरलात, म्हणजे एसटीच्या मागे, तर जवळपास सगळा ब्रेकवर आणि तिथून रिममध्ये जातो. अॅल्युमिनियम ही उष्णता चटकन पसरवून हवेत सोडतं. कार्बन धरून ठेवतो, आणि त्याचे थर चिकटवणारं रेझिन ठरावीक तापमानाच्या वर गेलं की मऊ पडतं. स्वस्त रिममध्ये ते तापमान १२०-१३० अंशांच्या आसपास असू शकतं, चांगल्या रिममध्ये २०० च्या वर. त्यामुळे भित्रा, हळू उतरणारा, सतत ब्रेक धरणारा माणूस इथे जास्त धोक्यात असतो. ब्रेक जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पुढचा-मागचा आलटून पालटून.

१,१८० ग्रॅम येतात कुठून, तेही विचारा. बहुतेक ३५० ग्रॅमच्या रिममधून. ब्रेकच्या बाजूची भिंत पातळ केल्याशिवाय रिम ब्रेकची रिम सहसा एवढी हलकी होत नाही. म्हणून बिल्डरला पहिला प्रश्न वजनाचा नको, रेझिन किती अंशांना मऊ पडतं हा हवा. उत्तर आकड्यात आलं नाही तर तिथेच थांबा. २०१८ मध्ये यूसीआयने रोड रेसमध्ये डिस्क ब्रेक कायमचे मान्य केले. तेव्हापासून रिम ब्रेकच्या नव्या रिम कमी होत गेल्या आणि गोदामात पडून असलेला जुना माल "खास ऑफर" म्हणून फिरतो, तोही तपासून घ्या. रिम हातात आली की रुपयाच्या नाण्याने गोल फिरत ठोकून बघा. सगळीकडे सारखा टणक आवाज यायला हवा. मध्येच कुठे बद्द वाजलं तर तिथले थर सुटलेले असू शकतात. ब्रेक पॅड कार्बनसाठीचेच लावा, आणि अॅल्युमिनियमवर वापरलेले तर कधीच लावू नका. त्यांत धातूचे कण रुतलेले असतात, ते रिम खरवडून काढतात. लेटेक्स ट्यूबही या रिमवर नको, उष्णतेला ती टिकत नाही.

मी तुमच्यासाठी बांधली असती ती जोडी अशी: पुढे ३५ मिमीची रिम ४२० ग्रॅम, मागे ४५ मिमीची ४६० ग्रॅम. पुढची उथळ, कारण घाटाच्या तोंडाशी आडवा वारा पुढच्याच चाकाला धरतो. स्पोक, म्हणजे तारा, सापिम कंपनीच्या सीएक्स-रे या चपट्या प्रकारचे, पुढे २० आणि मागे २४, प्रत्येकी सव्वाचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळे मिळून १९० ग्रॅम. हब डीटी स्विस कंपनीच्या २४० मॉडेलच्या तोडीचे, दोन्ही मिळून ३१० ग्रॅम धरा. निपल (स्पोक रिमला धरून ताणणारे छोटे नट) पितळेचे, ४४ ग्रॅम. बेरीज १,४२४.

पितळ का? अॅल्युमिनियमचे निपल घेतले तर तीसेक ग्रॅम वाचतात, हे खरं. पण कार्बन आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल आली की अॅल्युमिनियम गंजायला लागतं. बॅटरीत चालतं तसंच काहीसं तिथे चालू होतं. अलिबागहून एकांनी दोन पावसाळे चालवलेलं चाक माझ्याकडे आऊट काढायला, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायला, आणलं होतं. पहिल्या निपलला चावी लावली, पाव फेरा दिला आणि डोकं तुटून रिमच्या आत पडलं. दुसऱ्याचंही तेच. टायर काढून रिम उलटी केली तर पांढरी भुकटी सांडली. चोवीसच्या चोवीस निपल बदलावे लागले. पुण्यात समुद्र नाही, पण घाम आहे आणि चार महिने पाऊस आहे.

स्पोकबद्दल एक गैरसमज दूर करतो. दुकानात आपण ज्यांना तारा म्हणतो त्या जास्त ताणल्याने फारशा तुटत नाहीत, ढिल्या राहिल्याने तुटतात. मागच्या चाकाला उजवीकडे ११ गिअरचा कॅसेट (दातेरी चक्रांचा गठ्ठा) असतो, त्यामुळे उजवे स्पोक जवळपास उभे आणि डावे तिरके. चाक मध्यभागी आणायचं तर उजवीकडे १२० किलोचा ताण असताना डावीकडे जेमतेम ५५-६० राहतो. प्रत्येक फेऱ्याला खाली आलेला डावा स्पोक आणखी सैल होतो, पुन्हा ताणला जातो, पुन्हा सैल. हजारो किलोमीटरनंतर हबजवळच्या वाकणात तो थकून तुटतो. म्हणून मागे एका बाजूला सरकवलेल्या छिद्रांची रिम मिळाली तर घ्या, डावीकडचा ताण लक्षणीय वाढतो. आणि म्हणूनच मागे १६-२० स्पोकवर वजन वाचवणं ७२ किलोच्या, उभं राहून पेडल मारणाऱ्या माणसासाठी मला पटत नाही.

कस्टमचे पैसे खरे जातात ते बांधणाऱ्याच्या हाताला, आणि तिथे ते जावेतच. चपट्या स्पोकचा निपल फिरवला की स्पोक स्वतःच पिळला जातो. तो खाचेच्या पट्टीने धरून ठेवला नाही तर स्टँडवर सरळ दिसणारं चाक रस्त्यावर पहिल्याच किलोमीटरला 'टिंग टिंग' करत पीळ सोडतं आणि आऊट होतं. मी ताण मीटरने मोजतोच, पण शेवटी एकेक स्पोक नखाने छेडून ऐकतो. तबला लावताना गजऱ्यावर हातोडी ठोकत सोळाही घरं एका स्वरात आणतात, तसंच. उजवी बाजू एका सुरात, डावी तिच्या खालच्या सुरात. एखादा बेसूर वाजला की चाक सरळ दिसत असूनही काम झालेलं नसतं. एका मागच्या चाकाला मला तीन-साडेतीन तास लागतात.

तयार कंपनीच्या चाकांपेक्षा हे का बरं, त्याचं सगळ्यांत व्यवहारी कारण दुरुस्ती. काही अतिहलक्या चाकांत स्पोकसुद्धा कार्बनचे आणि रिमला चिकटवलेले असतात. जर्मनीतल्या फ्रीडरिक्सहाफेनची 'लाइटवेट'ची चाकं तशी असतात, आणि घडणीच्या दृष्टीने ती देखणी आहेत. पण एक स्पोक गेला तर चाक कारखान्यात पाठवावं लागतं. तुमच्या चाकाचा स्पोक मात्र कोणताही जाणता मेकॅनिक अर्ध्या तासात बदलेल, फक्त त्याच्याकडे नेमक्या लांबीचा स्पोक हवा. तेव्हा बिल्डरकडून प्रत्येक लांबीचे दोन-दोन जादा स्पोक मागून घ्या आणि लांब्या, ताणाचे आकडे एका कागदावर लिहून घ्या. कागद द्यायला कुरकुर करणाऱ्याने ताण मोजलेलाच नसतो.

बजेटमधून जे उरेल त्याचे पहिल्या दर्जाचे टायर घ्या. साध्या सरावाच्या टायरवरून चांगल्या रेसिंग टायरवर गेलात की सपाटीवर दोन्ही मिळून दहा वॉट सहज वाचतात; चढावर वेग कमी असल्याने कमी वाचतात, पण वाचतात.

जुनी अॅल्युमिनियमची चाकं विकू नका. पावसात कार्बन रिमवर ब्रेक दाबल्यावर पहिली काही मीटर काहीच होत नाही, आणि सिंहगडाच्या उतारावर समोरून जीप येत असताना ती काही मीटर फार लांब असतात. पावसाळा आणि रोजचा सराव जुन्या चाकांवर, कार्बन कोरड्या दिवसांना. शर्यत जानेवारीत असेल तर चाकं नोव्हेंबरात हातात येतील असं बघा. दोन-तीनशे किलोमीटर चालवा, एकदा सिंहगड कोरड्यात उतरून ब्रेकचा अंदाज घ्या आणि मग चाकं बिल्डरकडे परत न्या. स्पोक तोवर आपापल्या जागी बसलेले असतात, तेव्हा ताण पुन्हा मोजून घ्यायचा. ती दुसरी बैठक किमतीत धरलेली आहे का, हे ॲडव्हान्स देण्याआधी विचारा.