फवाद आलमचा दाखला पूर्ण वाचावा

प्रश्न : आम्ही सातारा जिल्ह्यात राहतो. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असून बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तो डावखुरा फलंदाज आहे आणि जिल्हा संघाकडून खेळतो, पण राज्याच्या एकोणीस वर्षांखालील संघाच्या निवड चाचणीतून दोन वेळा परत आला. आता कॉलेज सोडून पुण्यात राहायचे आणि पूर्णवेळ क्रिकेट खेळायचे, असे त्याने मनाशी ठरवले आहे. त्याचे प्रशिक्षक पाकिस्तानच्या फवाद आलमचे उदाहरण देतात. दहा वर्षे डावलला गेला, तरी थांबला आणि शेवटी संघात आलाच, असे ते म्हणतात. मी पतसंस्थेत लिपिक आहे. आम्हीही दहा वर्षे थांबायचे का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

प्रशिक्षकांनी दिलेले उदाहरण खोटे नाही, परंतु ते अर्धेच सांगितले गेले आहे. अर्ध्या उदाहरणावर एकोणीस वर्षांच्या मुलाने आयुष्याचा निर्णय घेऊ नये, म्हणून आधी ते पूर्ण सांगतो. हे उत्तर आपण मुलालाही वाचायला द्यावे, कारण यातला बराचसा मजकूर त्याच्यासाठीच आहे.

फवाद आलमचा जन्म १९८५ साली कराचीत झाला. वडील तारिक आलम हे स्वतः प्रथम श्रेणीचे, म्हणजे कसोटीच्या लगतच्या खालच्या पायरीवरचे, क्रिकेटपटू. जुलै २००९ मध्ये कोलंबोच्या पी. सारा ओव्हल मैदानावर फवादने श्रीलंकेविरुद्ध कसोटी पदार्पण केले. एरवी मधल्या फळीत खेळणाऱ्या या फलंदाजाला त्या सामन्यात सलामीला पाठवण्यात आले आणि दुसऱ्या डावात त्याने १६८ धावा काढल्या. परदेशात, पदार्पणाच्याच कसोटीत शतक करणारा तो पहिला पाकिस्तानी फलंदाज ठरला. पाकिस्तानने तो सामना मात्र गमावला. त्यानंतर फवादच्या वाट्याला आणखी दोनच कसोटी आल्या. नोव्हेंबर २००९ मध्ये तो न्यूझीलंडमधील ड्युनेडिनला खेळला, आणि पुढची कसोटी खेळायला मिळाली ती ऑगस्ट २०२० मध्ये, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनला. मधल्या काळात पाकिस्तानचा संघ त्याच्याविना ८८ कसोटी सामने खेळला.

त्याला का वगळले गेले, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर सापडलेले नाही. त्याची उभे राहण्याची पद्धत विचित्र आहे, एवढे खरे. गोलंदाज धावत येताना तो जवळजवळ पूर्ण छाती त्याच्याकडे करून उभा असतो, पुढचा पाय लेग साइडला उघडलेला असतो, आणि चेंडू सुटण्याच्या क्षणी तो झटकन फिरून यष्टींसमोर आडवा येतो. प्रशिक्षणाच्या पुस्तकात हे बसत नाही. पण चेंडू बॅटवर येतो तेव्हा त्याचे डोके स्थिर असते आणि बॅट सरळ येते, आणि त्या क्षणापुरते फलंदाजाकडून एवढेच अपेक्षित असते. २०१४ च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने मीरपूरला नाबाद ११४ धावा केल्या, तरी पुढच्याच वर्षी तो एकदिवसीय संघाबाहेर गेला. २०१८ मध्ये आयर्लंड आणि इंग्लंडच्या दौऱ्याआधीच्या शिबिराला त्याला बोलावले आणि अंतिम यादीत त्याचे नाव आले नाही. हा त्याच्यावर झालेला अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रशिक्षकांनी जे सांगितले नाही त्याकडे येतो. त्या दहा वर्षांत फवाद आलम थांबलेला नव्हता. तो दर मोसमात धावा करत होता. २०२० मध्ये तो परतला तेव्हा त्याच्या नावावर प्रथम श्रेणीच्या १२ हजारांहून अधिक धावा होत्या आणि सरासरी ५५ च्या वर होती. म्हणजे कसोटीच्या लगतच्या खालच्या पायरीवर तो त्या काळात देशातल्या सर्वोत्तम फलंदाजांपैकी एक होता. दार बंद होते, पण आपण त्या दाराशी उभे राहण्याच्या योग्यतेचे आहोत याचा लेखी पुरावा त्याच्याकडे प्रत्येक मोसमाअखेर तयार होत होता. आपल्या मुलाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे. निवड झाली नाही हे दुःख खरे, पण जिल्ह्याच्या सामन्यांत, निमंत्रितांच्या स्पर्धेत, विद्यापीठाच्या संघात त्याच्या धावा किती आहेत? त्या धावा ठळक असतील तर थांबण्याला अर्थ आहे. त्या नसतील, तर निवड समितीवर रागावून कॉलेज सोडल्याने त्या येणार नाहीत.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि आपण पालक असल्यामुळे ती अधिक काळजीपूर्वक वाचावी. फवाद आलम ही दहा वर्षे वडिलांच्या पगारावर काढत नव्हता. पाकिस्तानात १९७० च्या दशकात अब्दुल हफीझ कारदार क्रिकेट मंडळाचे प्रमुख असताना बँका, विमान कंपनी, रेल्वे, वीज आणि जकात खाते अशा संस्थांचे संघ प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये मोठ्या प्रमाणावर उतरले. खेळाडूला त्या संस्थेत नोकरी किंवा करार मिळे, महिन्याचा पगार ठरलेला असे, आणि मोसमात तो संस्थेच्या संघाकडून खेळे. फवाद नॅशनल बँकेकडून आणि पुढे सुई सदर्न गॅस कंपनीकडून खेळला. देशाच्या संघाने पाठ फिरवली तरी घर चालत होते, सरावाला मैदान होते, आणि दर मोसमात खेळायला सामने होते. त्याच्या धीराचे कौतुक करताना या व्यवस्थेचे नाव कोणी घेत नाही, हे मला खटकते.

ही व्यवस्था किती मोलाची होती, हे ती मोडल्यावर कळले. २०१९ मध्ये, इम्रान खान पंतप्रधान असताना आणि त्यांच्याच आग्रहाने, पाकिस्तानने बँका-कंपन्यांचे हे खातेनिहाय संघ बंद करून सहा प्रादेशिक संघांची रचना आणली. स्पर्धेचा दर्जा वाढावा हा हेतू होता, आणि तो हेतू वाईट नव्हता. पण सहा संघांत मिळून १९२ खेळाडूंना करार मिळाले आणि बाकीच्या शेकडो जणांचा बांधलेला पगार गेला. कराचीतला एक प्रथम श्रेणी क्रिकेटपटू भाड्याची पिकअप गाडी चालवताना दिसला आणि ती चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्याने मेहनत कमी केली होती असे कोणीही म्हणू शकणार नाही. पुढे २०२३-२४ च्या मोसमात प्रेसिडेंट्स ट्रॉफी या स्पर्धेच्या रूपाने खात्यांचे संघ परत आले, परंतु मधली वर्षे ज्यांच्या उमेदीच्या काळात आली, त्यांना ती परत मिळणार नव्हती.

आपल्याकडेही मुंबईचे क्रिकेट कैक वर्षे अशाच आधारावर उभे होते. टाटा, निर्लॉन, मफतलाल, एसीसी यांचे संघ टाइम्स शील्ड स्पर्धेत खेळत आणि खेळाडूला कचेरीत टेबल असे. आज खासगी कंपन्यांत तसे फारसे उरलेले नाही.

फवादच्या पुनरागमनाचा भागही पूर्ण सांगायला हवा. साउदॅम्प्टनला तो चार चेंडू खेळून शून्यावर बाद झाला. अकरा वर्षांनी आलेली संधी अशी गेल्यावर मोठमोठे खेळाडू खचतात. डिसेंबर २०२० मध्ये न्यूझीलंडमधील माउंट माँगानुईला त्याने चौथ्या डावात १०२ धावा केल्या, मोहम्मद रिझवानबरोबर दीर्घ भागीदारी केली, पण अखेरच्या काही षटकांत पाकिस्तान हरला. जानेवारी २०२१ मध्ये कराचीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ४ बाद २७ अशा अवस्थेत तो मैदानात आला आणि १०९ धावा करून गेला. शतक त्याने केशव महाराजला षटकार मारून पूर्ण केले. लाहोरमध्ये मार्च २००९ मध्ये श्रीलंकेच्या संघावर हल्ला झाल्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ पाकिस्तानात कसोटी झाली नव्हती, त्यामुळे मायदेशातली ही त्याची पहिलीच कसोटी होती, आणि त्या वेळी त्याचे वय पस्तीस होते. त्याच वर्षी वेस्ट इंडीजमधील किंग्स्टनला संघ ३ बाद २ असताना त्याने नाबाद १२४ धावा केल्या. आयसीसीच्या २०२१ च्या सर्वोत्तम कसोटी संघात त्याची निवड झाली. आणि जुलै २०२२ मध्ये श्रीलंकेतील गॉलला त्याने शेवटची कसोटी खेळली. एकूण १९ कसोटी आणि ५ शतके त्याच्या नावावर लागली. २०२३ मध्ये तो अमेरिकेच्या मायनर लीगमध्ये शिकागोच्या संघाकडून खेळत होता. म्हणजे दहा वर्षांच्या तपश्चर्येनंतर त्याच्या पदरात साधारण दोन वर्षांचे कसोटी क्रिकेट पडले. ते सोन्यासारखे होते यात शंका नाही, पण हिशोब मांडताना हा आकडाही मांडावा लागतो.

त्याला परत बोलावणारा निवड समितीचा प्रमुख होता मिसबाह-उल-हक, आणि आपल्या प्रश्नाशी त्याची कारकीर्द अधिक जवळची आहे. २००७ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जोगिंदर शर्माच्या चेंडूवर श्रीशांतच्या हातात झेल देणारा फलंदाज म्हणून आपण त्याला ओळखतो. मियांवालीच्या या मुलाने शिक्षण सोडले नाही. त्याने एमबीए केले, चोविसाव्या वर्षी प्रथम श्रेणी क्रिकेट सुरू केले, २००१ मध्ये ऑकलंडला कसोटी पदार्पण केले, मग संघाबाहेर गेला आणि तेहतिसाव्या वर्षी परतला. छत्तिसाव्या वर्षी तो कर्णधार झाला, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये त्याच्या संघाने कसोटी क्रमवारीत पहिले स्थान मिळवले. पदवी घेतल्याने क्रिकेट बुडते, ही समजूत निदान त्याच्याबाबतीत खरी ठरली नाही. फलंदाज तिशीनंतरही वाढू शकतो, तेव्हा एकोणिसाव्या वर्षी वेळ हातातून निसटत चालल्याची जी घाई आपल्या मुलाला वाटते आहे, ती अनाठायी आहे.

आता आपल्या घरचा निर्णय. बी.कॉम. पूर्ण होऊ द्यावे. राहिलेली दोन वर्षे ही त्याच्यासाठी अडचण नसून सोय आहे, कारण विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळण्याची संधी कॉलेजात असतानाच मिळते. एकोणीस वर्षांखालील गट संपला तरी तेवीस वर्षांखालील गट पुढे आहे, म्हणजे राज्याच्या संघाचे दार अजून बंद झालेले नाही. बीसीसीआयने २०२१ मध्ये मानधन वाढवले, तेव्हा तेवीस वर्षांखालील सामन्यासाठी दिवसाला २५ हजार आणि रणजी खेळाडूला अनुभवानुसार ४० ते ६० हजार रुपये ठरले. हे आकडे ऐकून मुले हरखतात, पण हे पैसे अंतिम अकरांत असलेल्याला मिळतात, राखीव खेळाडूला निम्मे मिळतात, आणि सामना नसेल त्या महिन्यात काहीच मिळत नाही. पाकिस्तानातल्या खात्याच्या संघासारखा बांधलेला पगार यात नाही. म्हणून तो पगार आपल्याला वेगळा शोधावा लागेल.

तो शोधण्याची ठिकाणे आहेत. रेल्वेत खेळाडूंची भरती होते आणि तिथे पदानुसार दहावी, बारावी किंवा पदवी लागते. कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून नोकरीला असतानाच २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीचे कांस्यपदक जिंकला. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. मात्र कोणत्या स्पर्धेचे कोणत्या स्तरावरचे प्रमाणपत्र कोणत्या पदाला चालते याचे नियम बारीक आहेत आणि प्रमाणपत्राची पडताळणी आधी करून घ्यावी लागते. जिल्हा क्रीडा कार्यालयात आपण स्वतः मुलाला घेऊन जावे आणि त्याच्या आजवरच्या प्रमाणपत्रांचे काय होऊ शकते हे समोर बसून विचारावे. या कामाला पालक सोबत असले की मुलाला वडील आपल्या विरोधात नाहीत हे कळते, आणि आपल्या पत्रावरून मला वाटते की सध्या घरात याचीच सर्वात जास्त गरज आहे.

पुण्याला पाठवण्याचा विचार पदवीनंतर करावा, आणि तोही खर्च व मुदत दोन्ही आधी ठरवून. मुदत वर्षांत मोजू नका, मोसमांत मोजा. दोन मोसम, आणि प्रत्येक मोसमाअखेर एक कागद, त्यावर सामने, डाव, धावा आणि कोणत्या दर्जाच्या गोलंदाजीसमोर त्या केल्या याची नोंद. प्रशिक्षकांनाही हा कागद दाखवावा आणि त्यांचे मत त्यावरच लेखी मागावे. उमेद देणे त्यांचे काम आहे आणि ते ते मनापासून करत असतील, पण राज्य संघातल्या डावखुऱ्या फलंदाजांच्या तुलनेत आपला मुलगा कुठे आहे, हे सांगण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच आहे.

गेल्या दोन मोसमांच्या नोंदी मुलाने स्वतःच्या हाताने लिहून मला पाठवाव्यात. शून्यावर बाद झालेले डावही त्यात असू द्यावेत. त्या पाहिल्यावर दोन मोसमांची मुदत पुरेशी आहे की कमी, याबद्दल मी अधिक नेमके लिहू शकेन.